चंद्रभागाबाईंचं 'नको'

नाशिकरोडच्या सरकारी वसाहतीत चंद्रभागाबाईंच्या हातचं जेवून उठलेला माणूस सरळ चालत घरी गेला, असं कोणी पाहिलेलं नव्हतं. आधी तो भिंतीला टेकून बसायचा, मग कंबरेचा पट्टा एक भोक मागे घ्यायचा, मग पाणी मागायचा, आणि पाण्याबरोबर आणखी एक पुरणपोळी आली की हात जोडायचा. चंद्रभागाबाई मोठमोठ्याने आग्रह करणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांचा आवाज बारीक, चण त्याहून बारीक. ताटाशी वाकून त्या हळूच विचारायच्या, "अर्धी घ्या."

"नको वहिनी."

"चतकोर तरी."

"अहो, खरंच नको."

"बरं, नुसती तोंडी लावायला," असं तिसऱ्यांदा म्हणेपर्यंत पोळी ताटात पडलेली असायची, तीही अख्खी, वर तुपाची धार.

त्यांच्या माहेरी, सिन्नरच्या बाजूला, ही रीतच होती. पाहुण्याला तीनदा विचारायचं. पाहुण्याने पहिल्यांदा नको म्हणायचं, दुसऱ्यांदाही नकोच म्हणायचं पण जरा मऊ आवाजात, आणि तिसऱ्यांदा गप्प बसायचं. गप्प बसणं म्हणजे हो. पहिल्याच विचारण्याला "हो, वाढा" म्हणणारा माणूस एक तर आजारातून उठलेला असायचा किंवा मुंबईचा. लेकीच्या लग्नात मनमाडचे व्याही, रेल्वेतला सरळ माणूस, पहिल्याच हाकेला "आणा!" म्हणाले, तेव्हा चंद्रभागाबाईंच्या डोळ्यांत पाणीच आलं. "बिचारे सकाळपासून उपाशी असतील," असं त्या पुढे कित्येक वर्षं सांगत होत्या.

ह्या रीतीचा त्यांना स्वतःला मात्र अधूनमधून फटका बसायचा. एकदा नवऱ्याच्या साहेबांच्या घरी हळदीकुंकवाला गेल्या. साहेबांच्या बाई पुण्याच्या. "चहा घेणार?" "नको." "बरं." आणि ट्रे आत गेला! चंद्रभागाबाई त्या ट्रेकडे दार बंद होईपर्यंत बघत राहिल्या. घरी येऊन स्वतःच्या हाताने चहा करून प्यायल्या आणि शेजारच्या बायडाबाईंना म्हणाल्या, "दूध नासलं असेल बाई त्यांच्याकडचं. नाहीतर असं कोण करेल?" त्यांना जगात वाईट माणूस सापडणं फार कठीण होतं.

त्यांचे यजमान रंगनाथराव हे सरकारी भांडारात मोठे कारकून. त्यांना पावसाळा मार्चमध्येच दिसायचा. छत्री दुरुस्त करून ते तिला दोन महिने खुंटीवर वाट बघायला लावत. नोकरीला लागले त्याच दिवशी त्यांनी आपल्या निवृत्तीची तारीख काढून कपाटाच्या दाराला आतून चिकटवली होती. फंड, ग्रॅच्युइटी, पेन्शन, वारसाचा फॉर्म, ह्या गोष्टी त्यांना लोकांना क्रिकेट यावं तशा यायच्या. भांडारातला कोणीही निवृत्त व्हायला आला किंवा एखादा बिचारा नोकरीतच गेला, की कागद रंगनाथरावांकडे. त्यांनी भरलेला फॉर्म परत आला असं एकदाही झालं नाही. संध्याकाळी बाहेरच्या खोलीत माणसं कागद घेऊन बसत आणि आतून चहा येत राही. ह्या वर्षी किती माणसं नोकरीतून सुटणार, हे चंद्रभागाबाईंना साखरेच्या डब्यावरून कळायचं.

रंगनाथराव सुटायचे होते चौऱ्याऐंशी साली. त्या दिवसाबद्दल चंद्रभागाबाईंचं एकच म्हणणं होतं. बत्तीस-तेहतीस वर्षं त्यांनी सकाळी साडेनऊला डबा भरला होता. नवऱ्याला साध्या दिवशी दुपारी एक वाजता, तव्यावरची पोळी गरमगरम खाताना त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. रविवार होते, पण रविवारी लोक कागद घेऊन यायचे. "एकदा सुटले ना, की समोर बसवून जेवायला घालीन," एवढी त्यांची योजना. बाकी सगळी योजना रंगनाथरावांकडे होती आणि ती चोख असणार ह्याबद्दल त्यांना शंका नव्हती.

एकोणऐंशी साली भांडारातला फकिरा नावाचा माणूस कामावरच गेला. रंगनाथरावांचा जुना सोबती. मागे राहिली चिमणाबाई, चाळीस-एकेचाळीसची, मूलबाळ नाही. रंगनाथराव रविवारचे त्यांच्याकडे कागद घेऊन जाऊ लागले. मृत्यूचा दाखला, वारसाचा दाखला, जन्मतारखेतली तफावत. आठ महिने लागले. चंद्रभागाबाईंनी त्या आठ महिन्यांत दोनदा डिंकाचे लाडू पाठवले. "एकट्या बाईचं काय खाणं असतं," म्हणाल्या. मग फकिराच्या बायकोला पेन्शन सुरू झालं. रंगनाथरावांचं जाणं बंद व्हायला हवं होतं, ते झालं नाही.

चिमणाबाईंना वाईट म्हणता येणार नाही. आठ महिने कचेऱ्यांच्या पायऱ्या चढलेली बाई शहाणी होते, तशा त्या झाल्या होत्या. विधवेने पुन्हा लग्न केलं की तिचं पेन्शन बंद होतं, हे त्यांना खुद्द रंगनाथरावांनीच समजावून सांगितलं होतं. तेव्हा पुढे जेव्हा तो विषय निघाला, त्यांनी सरळ सांगितलं, "माझं आहे ते सोडायचं, तर आधी तुमच्या कागदावर माझं नाव पाहिजे. पहिली बायको असताना सरकार ते नाव लावून घेत नाही, हेही तुम्हीच सांगितलंत." शिकवलेलं कोणी इतकं नीट लक्षात ठेवलं की मास्तराला बोलायला जागा राहत नाही.

एक्क्याऐंशीच्या दिवाळीनंतरचा एक रविवार. रंगनाथराव आंघोळ करून आले आणि म्हणाले, "अगं, जरा बस. एक विषय आहे."

गॅसचा नंबर लागला असणार, असं चंद्रभागाबाईंना वाटलं. तीन वर्षांपूर्वी नाव घातलं होतं. त्या हात पुसत आनंदाने बसल्या.

"आपण दोघांनी मिळून कोर्टात एक अर्ज करायचा आहे."

"गॅससाठी कोर्टात?"

"गॅसचं नाही. वेगळं होण्याचा. परस्पर संमतीने. आता कायदा सोपा झालाय, भांडावं लागत नाही." मग त्यांनी चिमणाबाईंचं सगळं सांगितलं. एखादं परिपत्रक वाचून दाखवावं तसं, काहीही न लपवता, खालच्या आवाजात.

मग चंद्रभागाबाई म्हणाल्या, "माझं काही चुकलं का?"

"छे छे! चुकण्याचा प्रश्नच नाही," रंगनाथराव मनापासून म्हणाले. "चूक दाखवायची असती तर दुसरं कलम लागलं असतं."

"भाजी लागतेय खाली," असं म्हणून चंद्रभागाबाई उठून आत गेल्या. भाजी अजून चिरलेलीसुद्धा नव्हती.

गावाहून भाऊ आला, धोंडीराम. त्याला बघून बाईंना जरा धीर आला. तो पाटावर बसून दोन कप चहा प्यायला, फेटा काढून मांडीवर ठेवला आणि म्हणाला, "अक्का, कोर्टात भांडाया गेलीस तर गावात तोंड दाखवाया जागा नाय राहायची. माझ्या दोन पोरी हायेत लग्नाच्या. सही कर अन् लेकीकडं जाऊन राहा. तुला पोटाला असं लय काय लागतं?"

"आणि उद्या ह्यांनी नाहीच काही दिलं तर?"

"रंगनाथराव? आगं, आख्ख्या भांडारातल्या रांडमुंड बायांची पोटं त्यो मानूस बघतो. तुला टाकील व्हय?"

हे मात्र बाईंना पटलं. भांडारातल्या प्रत्येकाच्या माघारी त्याच्या बायकोला काय मिळेल हे ज्याने कागदावर आणून दाखवलं, तो आपल्या बायकोला विसरेल कसा?

वकील रंगनाथरावांचेच. हसतमुख माणूस. अर्जात लिहिलं होतं की नवरा-बायको वर्षभर वेगळे राहत आहेत. चंद्रभागाबाई म्हणाल्या, "पण आज सकाळी मीच तर पोहे केले ह्यांना."

"हे झोपतात कुठं?"

"बाहेरच्या खोलीत. मला रात्री पंखा सोसत नाही."

"झालं तर मग. कायद्यात त्यालाच वेगळं राहणं म्हणतात," वकील म्हणाले आणि पान उलटलं.

पुढच्या पानावर लिहिलं होतं, 'अर्जदार क्रमांक दोन यांनी पोटगीचा व इतर सर्व हक्क स्वखुशीने सोडला आहे.' अर्जदार क्रमांक दोन म्हणजे आपण, हे चंद्रभागाबाईंना दोनदा सांगावं लागलं. कळल्यावर त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं.

"ते नुसतं लिहायचं असतं," रंगनाथराव म्हणाले. "पोटगी लिहिली की रक्कम ठरवा, पेन्शनच्या कागदाला ते चिकटवा, उगाच गुंता. मी महिन्याला सव्वाशे रुपये देत जाईन. शब्द आहे माझा."

"आणि हे पाहा बाई," वकील म्हणाले, "शेवटच्या तारखेला जज्जसाहेब स्वतः तुम्हाला विचारतात. काय हवं नको ते तेव्हा बोला की."

हे वकिलांनी बसची वेळ सांगावी तसं सांगितलं होतं. चंद्रभागाबाईंनी ते पदराच्या गाठीला बांधून घेतलं. साहेब विचारणार आहेत. कोणीतरी विचारणार आहे. त्यांनी सही केली.

पहिला अर्ज आणि निकाल ह्यांच्यामध्ये कायदा सहा महिने देतो, नवरा-बायकोने फेरविचार करावा म्हणून. त्या सहा महिन्यांत रंगनाथरावांनी फेरविचार केला नाही आणि चंद्रभागाबाईंनी डबा चुकवला नाही. वसाहतीतल्या लोकांना कुठे बघावं कळेना. सकाळी रंगनाथराव डबा घेऊन निघत, दारातून चंद्रभागाबाई "ताकाची बाटली सरळ ठेवा हो," म्हणत, आणि शेजारपाजारचे लोक घाईघाईने आपापल्या सायकली पुसू लागत.

बायडाबाई तेवढ्या धीराच्या. येवल्याकडच्या. तारखेच्या आदल्या दुपारी त्या आल्या आणि म्हणाल्या, "भागाबाई, काय मागायचं ते ठरलं का?"

"तुम्हीच सांगा."

"पेन्शनीतला अर्धा वाटा आणि राहायला एक खोली. आणि ते कागदावर. तोंडी नाही. एवढं म्हणायचं आणि गप्प बसायचं."

"असं कसं म्हणता येईल हो तोंडाने?"

"येतं. म्हणून बघू." बायडाबाईंनी नवऱ्याचा चष्मा डोळ्यांवर चढवला, तांदळाच्या डब्यावर बसल्या आणि लाटणं आपटलं. "बोला बाई. काही पाहिजे का तुम्हाला?"

"नको साहेब."

"शाब्बास! पहिल्यांदा नकोच. नाहीतर साहेबाला वाटायचं, पैशावर टपलेली बाई आहे. आता दुसऱ्यांदा. अहो बाई, लाजू नका, काहीतरी घ्या."

"तुमचं आपलं काहीतरीच साहेब."

दोघी हसू लागल्या. इतक्या हसल्या की बायडाबाईंचा चष्मा नाकावरून घसरून मांडीत पडला. त्या घरात सहा महिन्यांत कोणी हसलं नव्हतं. डोळे पुसून बायडाबाईंनी पुन्हा लाटणं आपटलं. "आता शेवटचं. बाई, तुम्ही काही घेतल्याशिवाय मी उठू देणार नाही. बोला, काय देऊ?"

चंद्रभागाबाईंनी तोंड उघडलं. अर्धा वाटा, एक खोली, एवढंच म्हणायचं होतं, पण त्या उठून चहाचं आधण ठेवू लागल्या. "उद्या म्हणीन," त्या म्हणाल्या. "साहेबांनी एवढं तिसऱ्यांदा विचारल्यावर म्हणावंच लागेल."

दुसऱ्या दिवशी दोघं एकाच बसने नाशकात गेली. कोर्टात उकाडा होता. साहेब तरुण होते, कपाळावर आठ्या होत्या पण नजर चांगली होती. त्या दिवशी त्यांच्यापुढे चाळीस प्रकरणं होती. नाव पुकारलं. चंद्रभागाबाई डोक्यावरचा पदर सावरून उभ्या राहिल्या. साहेबांनी कागदावरून मान वर केली. सगळेच साहेब मान वर करत नाहीत, ह्यांनी केली.

"सही तुमचीच ना बाई?"

"हो."

"कोणी जबरदस्ती केली?"

"नाही."

"पोटगी वगैरे काही नको, असं लिहिलंय. बरोबर आहे? तुम्हाला काही हवंय का?"

किती मायेने विचारलं त्यांनी! चंद्रभागाबाईंना भरून आलं. असा आवाज बत्तीस वर्षांत त्यांच्या कानावर पडला नव्हता.

"नको साहेब," त्या म्हणाल्या, आणि मान खाली घालून थांबल्या.

टंकलेखन करणाऱ्याने चार ओळी बडवल्या. साहेबांनी सही केली. पुढचं नाव पुकारलं गेलं. एक माणूस आणि त्याचे दोन वकील पुढे आले. चंद्रभागाबाई तिथेच उभ्या होत्या.

"बाई, सरका. झालं तुमचं," पट्टेवाला म्हणाला.

"अजून विचारायचंय त्यांनी."

"काय विचारायचंय?"

चंद्रभागाबाईंनी साहेबांकडे पाहिलं. साहेब त्या दुसऱ्या माणसाचे कागद वाचत होते. कोर्टात आग्रह करत नाहीत, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. बायडाबाईंनाही ते ठाऊक नव्हतं आणि ज्यांना ठाऊक होतं त्या वकिलांना हे असं काही सांगावं लागतं, हेच ठाऊक नव्हतं.

बाहेर रंगनाथराव छत्री घेऊन उभे होते. "चल, दोनची बस मिळेल," म्हणाले. बसमध्ये त्यांनी दोन तिकिटं काढली. नवरा-बायको म्हणून बसून गेलेली दोन माणसं एकमेकांची कोणी न राहता त्याच बाकावर बसून परत आली.

सरकारी घर नोकरदाराचं आणि त्याच्या कुटुंबाचं असतं. चंद्रभागाबाई आता कुटुंब नव्हत्या. रंगनाथरावांनी त्यांची ट्रंक स्वतः भरली आणि झाकणाला आतून सामानाची यादी चिकटवली, लुगडी किती, भांडी किती. लेक लता मनमाडला, रेल्वेच्या दोन खोल्यांत. सासू, नवरा, चार मुलं. चंद्रभागाबाई तिथे पाच महिने राहिल्या. जावयाने एक शब्द काढला नाही. पाच महिने, सकाळ-संध्याकाळ, एक शब्द नाही. शेवटी त्याच म्हणाल्या, "लता, मी जरा नाशिकरोडला जाऊन येते." लता स्टेशनावर रडली, पण राहा म्हणाली नाही. चार मुलांच्या आईला खोटं बोलायला तेवढीही जागा घरात नव्हती.

देवळाली गावात साठ रुपये भाड्याची खोली मिळाली. स्टेशनजवळ लंकाबाईंची खानावळ होती, कारखान्यांतली एकटी माणसं तिथे जेवत. तिथे पोळ्यांचं काम मिळालं. एका वेळेला दोनशे पोळ्या. वयाची बावन्न वर्षं उलटल्यावर आयुष्यातली पहिली नोकरी. लोक ज्या वयात सुटायची तारीख मोजतात त्या वयात ह्या लागल्या. भिंतीवर पाटी होती, 'जादा पोळीस जादा आकार पडेल'. चंद्रभागाबाईंना वाचता येत होतं, पण जमत नव्हतं. मनमाडकडचा एखादा पोरगेला कामगार ताट चाटताना दिसला की आतून एक पोळी जास्तीची जायची. लंकाबाई ओरडायच्या, "मावशी, खानावळ आहे ही, तुमच्या लेकीचं लग्न नाही!"

रंगनाथरावांचे सव्वाशे रुपये पहिल्या वर्षी अगदी एक तारखेला आले. भांडारातला धाकटा कारकून यादव ते घेऊन यायचा. त्याने त्या घरच्या पुरणपोळ्या खाल्लेल्या होत्या, त्यामुळे तो खोलीत न येता उंबऱ्यावरूनच पैसे द्यायचा. चौऱ्याऐंशी साली रंगनाथराव सुटले. पगाराचं पेन्शन झालं, सव्वाशेचे पंच्याहत्तर झाले. मग घर बांधायला काढलं, पंच्याहत्तरचे पन्नास झाले. एका पहिल्या तारखेला यादव रिकाम्या हाताने आला. "वहिनी, स्लॅब पडायची आहे. साहेब म्हणाले, पुढच्या महिन्यात एकदम देतो." पुढच्या महिन्यात यादवही आला नाही. त्याला तोंड दाखवायची लाज वाटली असणार, असं चंद्रभागाबाई म्हणाल्या. रंगनाथरावांबद्दल त्या काहीच म्हणाल्या नाहीत. एवढा तारखेचा पक्का माणूस तारीख चुकला, ह्याचाच त्यांना जास्त धक्का बसला होता.

मग पुन्हा बायडाबाईच धावल्या. कोर्टात गरिबांना फुकट वकील मिळतो, हे त्यांनी कुठून तरी ऐकलं होतं. जयराम नावाचा तरुण वकील मिळाला, निफाडकडचा. त्याने निकालाचा कागद वाचला, पुन्हा वाचला.

"मावशी, साहेबांनी विचारलं होतं ना? इथं लिहिलंय, विचारणा केली असता नको असे सांगितले. तुम्ही नको का म्हणालात?"

"पहिल्यांदाच हो कोण म्हणतं, बाळा?"

जयराम वकिलाने पेन खाली ठेवलं. तो त्याच मुलखातला होता, त्याची आईही तशीच होती. त्याला सगळं एका क्षणात कळलं, आणि त्यामुळेच तो जास्त घाबरला. "मला समजलं हो मावशी," तो म्हणाला, "पण हे मी अर्जात लिहू काय?"

नंतरही पोटगी मागता येते, तेवढी फट कायद्यात होती. तिच्यातून त्याने अर्ज सरकवला. पुढे दीड वर्ष तारखा पडल्या. रंगनाथराव प्रत्येक तारखेला फाइल घेऊन हजर. व्हरांड्यात बाकावर दोघं शेजारी बसत.

"गुडघा कसा आहे?" ते विचारत.

"बरा आहे. तुमचं पित्त?"

"आहे आपलं."

मग आत जाऊन त्यांचे वकील सांगत की ह्या बाईंनी सर्व हक्क स्वखुशीने सोडलेले आहेत आणि 'स्वखुशीने' ह्या शब्दाखाली लाल रेघ दाखवत. साहेब आता दुसरे होते, वयस्कर. त्यांनी एकदा चंद्रभागाबाईंना विचारलं, तेव्हा का नको म्हणालात? चंद्रभागाबाईंनी आपल्या गावची रीत सांगितली. कोर्टात खसखस पिकली. साहेबही हसले, मग हसायचे थांबले आणि त्यांनी जुना निकाल पुन्हा वाचायला घेतला. निकाल पुढच्या महिन्यात देतो, म्हणाले. जयराम बाहेर येऊन म्हणाला, "मावशी, मिळेल असं वाटतंय. थोडं का होईना, मिळेल."

शहाऐंशीच्या कार्तिकात, त्या पुढच्या महिन्याला नऊ दिवस उरले असताना, रंगनाथराव नव्या घराच्या ओसरीवर पेपर वाचता वाचता गेले.

लता मनमाडहून आली, आधी आईकडे. "आई, येतेस?"

"कोण म्हणून येऊ?"

लता एकटीच गेली. चंद्रभागाबाई त्या दिवशी कामावर गेल्या. दोनशे पोळ्या होत्याच.

जयरामने समजावलं. ज्याच्याकडून घ्यायचं तो माणूसच नाही, तेव्हा अर्जही त्याच्याबरोबर संपला. घर पहिल्या विटेपासून चिमणाबाईंच्या नावावर. फंड खर्च झालेला. आता फॅमिली पेन्शन, ते पत्नीला. "आणि पत्नी त्या आहेत, मावशी."

तरी चंद्रभागाबाई एकदा भांडारात गेल्या. का गेल्या हे त्यांना सांगता आलं नसतं. यादवने खुर्ची दिली, रुमालाने पुसून. मग त्यांनी न मागताच त्याने जुनी फाइल काढली. वारसाचा फॉर्म. रंगनाथरावांचं ते मोत्यासारखं अक्षर. पहिल्या ओळीत 'सौ. चंद्रभागा, पत्नी'. त्यावर तांबड्या शाईची रेघ. रेघ हाताने ओढलेली नव्हती. पट्टी ठेवून, टोकापासून टोकापर्यंत, अगदी सरळ मारलेली होती. खाली तारीख आणि सही. त्याच्या खाली चिमणाबाईंचं नाव.

"साहेबांचं काम म्हणजे…" यादव म्हणाला आणि फाइलची नाडी चाचपू लागला.

"नीटच असायचं त्यांचं," चंद्रभागाबाई म्हणाल्या.

त्या थंडीत त्यांची मनगटं सुजली. दोनशेच्या दीडशे पोळ्या होऊ लागल्या, मग शंभर. लंकाबाईंनी मनगटाला ओवा-तेल लावून दिलं, आठ दिवस वाट पाहिली आणि नवव्या दिवशी ओझरकडची एक तरुण बाई कामाला ठेवली. "आता आराम करा मावशी," म्हणाल्या. आठवड्याचे पैसे पूर्ण दिले आणि वर एक खण दिला. वाईट कोणीच नव्हतं. हेच तर चंद्रभागाबाईंच्या आयुष्याचं दुखणं होतं, की भांडावं असं कोणी त्यांना कधी भेटलंच नाही.

मार्गशीर्षातल्या एका दुपारी त्या बाजारात सोनाराच्या दुकानी गेल्या. गळ्यातलं मंगळसूत्र काढून त्यांनी काचेवर ठेवलं. कोर्टाच्या निकालानंतर ते काढायला हवं होतं का, हे त्यांना कळलं नव्हतं आणि त्यांनी कोणाला विचारलंही नव्हतं. आता काढलं ते नवरा गेला म्हणून, की भाडं थकलं म्हणून, हेही नीट सांगता आलं नसतं. सोनाराने दोन्ही वाट्या सोडवल्या, आतली लाख टोकरून काढली, काटा धरला.

"लाखच जास्त आहे आजी. सोनं पातळ आहे."

"असू दे."

"चारशे ऐंशी होतील. त्यापेक्षा कोणी देणार नाही."

चंद्रभागाबाईंनी मनाशी महिने मोजले. साठ रुपयांप्रमाणे आठ भाडी. मार्गशीर्ष, पौष, माघ, असं करत आषाढ संपेपर्यंत डोक्यावर पत्रे राहतील. पोटाचं वेगळं. रंगनाथरावांची सारी नोकरी, सगळे फॉर्म, सगळे चोख हिशेब, आणि चंद्रभागाबाईंच्या वाट्याला आली ती ही आठ महिन्यांची सावली.

सोनाराने नोटा दिल्या आणि काळे मणी चिमटीत धरले. "ह्याचं काही येत नाही. ठेवता की टाकू?"

चंद्रभागाबाईंनी हात पुढे केला. मणी हलके होते, दोऱ्याला तेलकट वास होता. घरी नेऊन ते कुठे ठेवायचे, हा प्रश्नच होता. देवाजवळ ठेवता येत नव्हते, कचऱ्यात टाकवत नव्हते. त्यांनी ते नोटांबरोबरच पदराच्या टोकाला बांधले आणि दुकानाच्या पायरीवर जरा बसल्या. श्रावणात सणवार फार, घरमालक भाड्याला थांबत नाही. श्रावणाचं काय करायचं, ह्याचा विचार त्यांनी तिथे बसून बराच वेळ केला. ऊन पायरीवरून उतरून रस्त्यावर गेलं, सोनाराने दिवा लावला, तरी तो विचार संपला नाही.